आवडती कविता, मोठ्यानं

(दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)





संयोजकांनी मला 'तुझ्या क्षेत्राबद्दल बोल' असं सांगितलं होतं. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे आपल्या मुलांच्या नोकऱ्यांचं काय होणार, हे ऐकायला काही जण पुढच्या रांगेत येऊन बसलेत. त्यांची माफी मागते, कारण मी आज अमेरिकन कवितेबद्दल बोलणार आहे. खरं तर ती कविता वाचणाऱ्या साध्या माणसांबद्दल. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, साहित्याची पदवी माझ्याकडे नाही. या विषयावर बोलायला तेवढं पुरतं, हेच मला सांगायचं आहे.

१९९७ साली रॉबर्ट पिन्स्की हे अमेरिकेचे 'पोएट लॉरिएट' झाले. आपण त्याला राजकवी म्हणू. तिथलं लायब्ररी ऑफ काँग्रेस ही नेमणूक करतं. पिन्स्कींचे वडील न्यू जर्सीतल्या एका किनाऱ्यावरच्या गावात चष्म्याचा व्यवसाय करत. पिन्स्कींनी देशाला एक साधं आवाहन केलं: तुमची आवडती कविता कोणती आणि ती का आवडते, ते आम्हाला कळवा. एका वर्षात सुमारे १८,००० लोकांनी कळवलं. त्यांत ५ वर्षांपासून ९७ वर्षांपर्यंतची माणसं होती आणि ती देशाच्या प्रत्येक राज्यातून आली होती. त्यांच्यापैकी काहींना घेऊन पन्नास छोट्या फिती तयार केल्या गेल्या. माणूस कॅमेऱ्यासमोर येतो, स्वतःबद्दल थोडं बोलतो, कविता मोठ्यानं वाचतो, एवढंच. कुणी समीक्षक येऊन अर्थ सांगत नाही.

मी कामानिमित्त काही वर्षं बोस्टनला होते. तिथे एका शनिवारी या फिती बघायला बसले आणि संध्याकाळ कधी झाली ते कळलं नाही. त्यांत बांधकामावर काम करणारा एक माणूस आहे. खोदकामाच्या जागेवर, कामाच्याच कपड्यांत तो वॉल्ट व्हिटमन वाचतो. त्या दीर्घ कवितेच्या शेवटी कवी आपण मातीत मिसळून जाण्याबद्दल बोलतो, आणि वाचणारा दिवसभर मातीतच उभा असतो. जमैकात जन्मलेला एक छायाचित्रकार सिल्विया प्लॅथची, म्हणजे पूर्णपणे वेगळ्या जगातल्या एका गोऱ्या बाईची, कविता वाचतो. कंबोडियातून आलेल्या कुटुंबातली एक विद्यार्थिनी लँगस्टन ह्यूजची कविता वाचते. बाहेरून हसणाऱ्या माणसाच्या आत काय चाललेलं असतं ते लोकांना दिसत नाही, असा त्या कवितेचा विषय. ह्यूजनं ती अमेरिकेतल्या काळ्या माणसाबद्दल लिहिली. ही मुलगी ती आपल्या घराबद्दल वाचते, आणि ऐकणाऱ्याला त्यात काही ओढूनताणून आणल्यासारखं वाटत नाही.

या कविता अशा माणसांच्या हाती कशा गेल्या, याचा मी नंतर थोडा शोध घेतला. तेव्हा लक्षात आलं की त्यांतल्या बऱ्याच आल्याच होत्या अशा माणसांकडून. व्हिटमनची शाळा अकराव्या वर्षी सुटली आणि तो छापखान्यात कामाला लागला. १८५५ साली त्यानं 'लीव्हज ऑफ ग्रास' स्वतःच्या खर्चानं छापलं. बारा कविता, सुमारे आठशे प्रती. पुस्तकाच्या पहिल्या पानावर कवीचं नाव नव्हतं. समोर चित्र होतं, गळ्याशी उघडा शर्ट घातलेल्या, कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या कामगारासारख्या माणसाचं. विल्यम कार्लोस विल्यम्स न्यू जर्सीत डॉक्टर होता. दोन रुग्णांच्या मधल्या वेळात तो औषधांच्या चिठ्ठ्यांवर कविता लिहायचा. वॉलेस स्टीव्हन्स विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. त्याला गाडी चालवता येत नसे. तो कचेरीत पायी जायचा आणि चालता चालता ओळी जुळवायचा. मघाशी सांगितलेला लँगस्टन ह्यूज १९२५ साली वॉशिंग्टनमधल्या एका हॉटेलात टेबलं आवरायचं काम करत होता. व्हॅचेल लिंडसे हा तेव्हाचा गाजलेला कवी तिथे जेवायला आला, तेव्हा ह्यूजनं आपल्या कविता त्याच्या ताटाशेजारी ठेवल्या. लिंडसेनं त्या संध्याकाळी आपल्या कार्यक्रमात त्या वाचून दाखवल्या.

आपल्या शाळेच्या आवारात सांगावी अशी एक गोष्ट लाँगफेलोची आहे. त्याची गावच्या लोहारावरची कविता अमेरिकेतल्या शाळकरी मुलांच्या तोंडी होती. त्या कवितेत लोहाराच्या भात्याजवळ चेस्टनटचं मोठं झाड आहे. हे झाड केंब्रिज गावात खरोखर होतं. रस्त्याच्या कामात १८७६ साली ते तोडलं गेलं. तेव्हा गावातल्या मुलांनी आपल्या खाऊच्या पैशांतून वर्गणी काढली, त्याच लाकडाची खुर्ची करवून घेतली आणि १८७९ साली लाँगफेलोला त्याच्या बहात्तराव्या वाढदिवशी भेट दिली. त्यानं घरच्यांना सांगून ठेवलं की कुणीही मूल खुर्ची बघायला आलं तर त्याला आत येऊ द्यायचं. समीक्षकांनी पुढे लाँगफेलोला खालच्या पायरीवर बसवलं. त्यांचं कदाचित बरोबरही असेल. पण कवितेतलं झाड गेलं म्हणून मुलांनी वर्गणी काढावी, हे किती कवींच्या वाट्याला येतं?

आता आपल्याकडे येते. आपण सगळे मराठी माध्यमाचे. कविता आपल्याला कमी शिकवल्या गेल्या असं कुणी म्हणू शकणार नाही. बाई चालीवर म्हणायला लावायच्या, आणि त्या चाली आपल्याला अजून येतात. काल रात्री जेवणं झाल्यावर मागच्या टेबलावरून दोन कविता चालीसकट ऐकू आल्याच. पण त्याच कवितांखाली प्रश्न असायचे. कवीला काय म्हणायचे आहे? संदर्भासहित स्पष्टीकरण लिहा. रसग्रहण करा. आपण मार्गदर्शकातलं उत्तर लिहायचो आणि गुण मिळवायचो. तो परीक्षेचा भाग होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र 'तुला ही कविता का आवडते?' हा प्रश्न पेपरात कधी आला नाही. पिन्स्कींनी देशाला विचारला तो हाच. त्याला चुकीचं उत्तर नाही.

बोस्टनजवळच्या एका गावातल्या सार्वजनिक वाचनालयात अशा कवितावाचनाची एक संध्याकाळ असायची. मी तीन-चार वेळा गेले. नियम दोनच: कविता स्वतःची नको, आणि आवडण्याचं कारण दोन-तीन वाक्यांत सांगायचं. एकदा एका निवृत्त पोस्टमननं एमिली डिकिन्सन वाचली. डिकिन्सन १८८६ साली गेली. तिनं सुमारे अठराशे कविता लिहिल्या. हयातीत जेमतेम दहाएक छापल्या गेल्या, त्याही निनावी. ती गेल्यावर बहिणीला तिच्या खोलीत हातानं शिवलेल्या कवितांच्या वह्या सापडल्या आणि १८९० साली पहिलं पुस्तक निघालं. पोस्टमननं वाचलेली कविता आठ ओळींची आहे. काळानं दुःख ओसरतं, या समजुतीला डिकिन्सन तिच्यात ठाम नकार देते. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "बायको गेल्यापासून सगळे मला काळाचं औषध सांगतात. ही एकटीच तसं सांगत नाही. म्हणून मला हिची सोबत वाटते." एवढं बोलून तो खाली बसला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शेजारच्या बाईंनी फक्त त्याच्या हातावर हात ठेवला.

त्या वेळी मला हा चांगला अनुभव वाटला, इतकंच. तो नीट आठवला २०२१ च्या मे महिन्यात. आपल्या तुकडीतले दोघं त्या एका महिन्यात गेले. त्यांची नावं मी घेत नाही. इथल्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर ती आहेत. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर त्या दिवशी एकाखाली एक 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि जोडलेले हात येत राहिले. त्या संदेशांत खोटं काही नव्हतं. कुणाला जाता येत नव्हतं, भेटता येत नव्हतं. पण ज्यांच्या डब्यातलं आपण दहा वर्षं खाल्लं, त्यांच्यासाठी आपल्यापाशी दोनच शब्द होते, आणि तेही फ्लेक्सवरचे. माझ्याही बोटांखाली तेच आले. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला यापुढे असे प्रसंग वाढतच जाणार. आई-वडील थकलेत, मुलं लांब जाणार आहेत. त्या वेळी जवळ दोन-चार ओळी पाठ असाव्यात असं मला वाटतं.

पाठ असण्याला किंमत असते. २० जानेवारी १९६१ रोजी केनेडींच्या शपथविधीत ८६ वर्षांचे रॉबर्ट फ्रॉस्ट कविता वाचायला उभे राहिले. बर्फावरून येणाऱ्या उन्हानं डोळे दिपले, समोरचा कागद दिसेना. मग त्यांनी तो बाजूला ठेवला आणि आपली जुनी कविता तोंडपाठ म्हटली. याच फ्रॉस्टचं पुस्तक पंडित नेहरू अखेरच्या काळात जवळ ठेवत. बर्फ पडत असताना रानाशी थबकलेल्या प्रवाशाच्या कवितेतलं शेवटचं कडवं त्यांनी आपल्या हातानं लिहून ठेवलं होतं. अमेरिकेतल्या शेतावर राहिलेल्या कवीचं ते कडवं दिल्लीत थकलेल्या पंतप्रधानाच्या उपयोगी पडलं, आणि व्हिटमन गॅस किंवा पाण्याच्या नळासाठी खड्डा खणणाऱ्याच्या. कविता दोघांकडे सारखीच आली. तिनं कुणाचं शिक्षण विचारलं नाही.

म्हणून आज माझा एक प्रस्ताव आहे. आपल्यापैकी प्रत्येकानं एक कविता निवडावी. मराठी, हिंदी, इंग्रजी, अभंग, ओवी, आजीचं जात्यावरचं गाणं, काहीही चालेल. फक्त स्वतः लिहिलेली नको. गटातल्या हौशी कवींनी कृपया रागावू नये. फोनवर ती मोठ्यानं वाचून तीन मिनिटांत रेकॉर्ड करायची आणि शेवटी सांगायचं की ती आपल्याला का आवडते. उच्चार चुकले तरी चालतील, रडू आलं तरी चालेल. सगळं एकत्र ठेवण्याची व्यवस्था मी करते. तेवढं तरी माझ्या क्षेत्रातलं आहे. आपल्या दोन मित्रांच्या घरीही मी विचारणार आहे, त्यांना कोणती कविता आवडायची ते. घरच्यांनी सांगितलं तर ती आपण सर्वांनी मिळून म्हणू.

सर, बाई, तुम्हीही पाठवा. आम्हाला इतक्या कविता शिकवल्यात, पण तुमची स्वतःची आवडती कोणती ते आम्ही कधी विचारलंच नाही. आज विचारते.