देश फुटला तो का, आणि आपला का फुटला नाही?

(मेढा, ता. जावळी येथील व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा आहे. जावळी खोऱ्यातल्या माणसाला त्याचं काय, असं तुमच्यापैकी कुणी मनात म्हणत असेल. पण आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या कटगुणात ज्यांचं मूळ घराणं, त्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिलं आणि ते अमेरिकेतल्या निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं. तिकडची लढाई त्यांना इकडची वाटली. का वाटली, तेच आज बघू.

१८६० साली अमेरिकेत सुमारे चाळीस लाख माणसं गुलाम होती. दक्षिणेतला कापूस त्यांच्या घामावर पिकत होता. उत्तरेतल्या राज्यांनी गुलामगिरी बंद केली होती. पण तिथल्या व्यापाऱ्यांना आणि गिरण्यांना तोच कापूस हवा होता. म्हणून वर्षानुवर्षं तडजोडी झाल्या. १८२० साली नकाशावर रेघ ओढली : रेघेच्या खाली गुलामगिरी, वर नाही. १८५० साली कायदा केला की पळून आलेला गुलाम उत्तरेत सापडला, तरी मालकाला परत द्यायचा. १८५७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की काळा माणूस या देशाचा नागरिकच होऊ शकत नाही.

प्रत्येक तडजोडीला शांततेचं नाव होतं आणि किंमत मात्र गुलामानेच मोजायची होती. १८६० च्या शेवटी लिंकन निवडून आले, तेव्हा दक्षिणेतली राज्यं फुटायला लागली. शेवटी अकरा राज्यं बाहेर पडली. एप्रिल १८६१ मध्ये तोफा सुटल्या आणि चार वर्षांत सहा लाखांहून जास्त माणसं मेली. डिसेंबर १८६५ मध्ये घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली. पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीच्या मजुरीची फट तिच्यात राहिली. पुढे त्या फटीतून अनेक काळी माणसं पुन्हा साखळीत गेली.

तिकडचा कापूस थांबला, तसा मुंबईत कापसाचा भाव आभाळाला भिडला. शेअरबाजारात लोकांनी पैसा केला आणि लढाई संपताच, १८६५ साली, कित्येकांचं दिवाळं निघालं. तिकडच्या रक्तावर इकडे नफा झाला, हेही आपल्या इतिहासात आहे.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे गुलाम नव्हते का? पेशवे दप्तरात कुणबिणींच्या, बटकींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. बदफैलीचा आरोप ठेवून बाईला कुणबीण केल्याच्याही आहेत. आणि आपण मुसलमानांनीही हात वर करू नयेत. गुलामीतून सुटलेल्या बिलाल यांना अजानचा मान मिळाला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्यानंतर कित्येक शतकं मुसलमान व्यापारी माणसं विकत होते. ज्याने खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद वसवलं, तो मलिक अंबर लहानपणी हबसाणातून विकला गेलेला मुलगाच होता.

१८४३ साली इंग्रजांनी कायदा केला, की कोर्ट यापुढे कुणावर कुणाची गुलाम म्हणून मालकी मानणार नाही. आपल्याकडे एकही लढाई झाली नाही. याला आपण आपलं शहाणपण समजतो. मला तसं वाटत नाही. अमेरिकेत सत्तेवरचे लोकच दोन तट होऊन भांडले, म्हणून देश फुटला. आपल्याकडे ज्यांच्या हातात सत्ता आणि जमीन होती, त्यांच्यात या प्रश्नावर भांडणच नव्हतं. जातीने नेमलेलं काम, वेठबिगार, सावकाराचं कर्ज हे सगळं चालू राहिलं. जोतीरावांनी बोट ठेवलं ते इथेच.

मला युद्ध नको आहे. पण युद्ध नाही म्हणजे न्याय आहे, असं मानायलाही मी तयार नाही.

दिवाळीच्या सुमारास खाली कृष्णाकाठी ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली. आजारी पडलं तर खाडा, खाड्याचे पैसे कापले जातात आणि फिटली नाही तर उचल पुढच्या हंगामावर. प्रत्येक उचल म्हणजे गुलामी नव्हे. पण उचलीपायी माणसाला काम सोडून जाता येत नसेल, तर १९७६ च्या कायद्याने ती वेठबिगारी आहे. त्या कायद्याने असं कर्ज रद्द होतं आणि तक्रार घेण्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर येते.

जावळीच्या घराघरातले लोक मुंबईत माथाडी म्हणून राबले आणि संघटनेच्या बळावर त्यांनी १९६९ चा माथाडी कायदा मिळवला. ओझ्याखालून बाहेर कसं यायचं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणखी एक सांगतो. जकात कुणाला द्यावी, याची जी आठ नावं कुराणात आहेत, त्यात गुलामांची सुटका आहे आणि कर्जात बुडालेलेही आहेत. मग यंदाची जकात काढताना उसाच्या फडातल्या पालाकडे बघा. तो माणूस कोणत्या धर्माचा, हा प्रश्न नंतरचा. उचल किती, फिटली किती, मुलं शाळेत जातात का, हे आधी विचारा. आणि जबरदस्ती दिसली, तर चार जण मिळून तहसील कचेरीत जा. एकट्या टोळीवाल्याचं तिथे कुणी ऐकणार नाही, चौघांचं ऐकावं लागेल.