ध्वनिपेटीचे मौन

(मंडळाच्या सभागृहात दिलेल्या भाषणावरून)



आम्ही अभियंते नव्हे. केंद्र सरकारच्या कार्यालयात फायली चाळणारे कलाशाखेचे पदवीधर आहोत. तथापि बदलीच्या गावोगावी ज्या दोन लाकडी ध्वनिपेट्या आम्ही बरोबर वाहिल्या, त्यांनी आम्हांस थोडे पदार्थविज्ञान शिकविले. आपल्यापैकी अनेकांच्या अशाच जुन्या पेट्या भंगारवाल्याच्या वाटेवर आहेत, असे कानी आल्यावरून हा विषय घेतला आहे.

तंबोऱ्याचा भोपळा आणि स्पीकरची पेटी यांत गल्लत होऊ नये. भोपळ्याने गुंजावे, पेटीने मुके राहावे. स्पीकरचा शंकू पुढे सरतो तेव्हा त्याच्यामागील हवा विरळ होते. या दोन विरुद्ध लहरी एकत्र आल्या की खर्ज लोपतो; म्हणून मागची लहर पेटीत कोंडावयाची. परंतु कोंडलेला नाद स्वस्थ बसत नाही.

पेटीची आतील उंची 60 सेंटिमीटर असेल, तर तळ आणि माथा यांच्यामध्ये सुमारे 283 हर्ट्‌झची स्थिर लहर उभी राहते. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा तार षड्‌ज सुमारे 277 हर्ट्‌झचा! गवई तेथे पोहोचला की स्वर उगाच फुगतो आणि दोष मात्र बिचाऱ्या गवयाच्या माथी येतो. यावर भिंतींना आतून पातळ फोम चिकटविण्याची चाल आहे. आमच्या मते तिचा या कामी फारसा उपयोग नाही. भिंतीलगत हवा जवळजवळ हलतच नाही. ती सर्वाधिक हलते मध्यावर. तेव्हा लोकर किंवा काचलोकर पेटीच्या मध्यभागी सैलसर भरावी, म्हणजे तंतूंशी घासून हवेची हालचाल उष्णतेत विरते. बंद पेटीत याचा आणखी एक लाभ असा, की पेटी आहे त्याहून काहीशी मोठी असल्याप्रमाणे वागते. 1954 साली अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी बंद पेटीतील हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग केला, तेव्हा त्यांनीही आत काचतंतू भरले होते. पेटीस हवेचे भोक असल्यास त्याची वाट मात्र अडवू नये. काचलोकर खाजरी असते. ती मलमलीच्या पिशवीत शिवावी. कापूस पावसाळ्यात दमट होऊन बसतो.

आता भिंती. बोटाच्या पेराने ठोकून पाहा. ‘टण्‌’ वाजले तर भिंत गाते आहे असे समजावे. फळी जाड केल्याने भागते असे नाही, कारण तिचा स्वर केवळ वर सरकतो आणि तेथे कान अधिक तीक्ष्ण असतो. 1970 नंतरच्या दशकात बीबीसीच्या अभियंत्यांनी उलट पातळ प्लायवुडला आतून डांबरी थर देऊन भिंतीचा कंप मारला. त्यांची एलएस3/5ए ही चिमुकली पेटी आजही जाणकारांच्या आदरास पात्र आहे. गच्चीवर घालतात तो डांबरी फेल्ट आपल्याला चालेल. मात्र उत्तरेकडील उन्हाळ्यात तो ओघळतो, म्हणून नुसत्या चिकटविण्यावर न विसंबता बारीक चुकाही माराव्यात.

दोन्ही पेट्या एकदम उघडू नयेत. एक सुधारावी, दुसरी तशीच ठेवावी आणि परिचित माणसाचे बोलणे दोहोंवर आळीपाळीने ऐकावे. गाण्यापेक्षा बोलण्यात पेटीचा खोटेपणा लवकर पकडला जातो.

या सभागृहातील डावी पेटी आम्ही अशी सुधारली आहे, उजवी मूळची आहे. चहापानानंतर आपल्या चिटणिसांचे निवेदन दोहोंवरून ऐकवू. निवाडा आपण करावा.