पडद्याच्या अलीकडचा रुग्ण



मी बँकेतला कारकून, कला शाखेचा पदवीधर. डॉक्टर नाही, अभियंताही नाही. तरीही दूरच्या रुग्णाला पडद्यावरून तपासणाऱ्या व्हिडिओ यंत्रणेविषयी बोलण्याचे धाडस करतो आहे, कारण या यंत्रणेसमोर बसणारी माणसे आपलीच आहेत. बँकेत काउंटरच्या आतून पाहिले की सारे सोयीचे दिसते. रांगेतून पाहिले की अडचणी कळतात. या यंत्राचेही तसेच आहे.

कल्पना जुनी आहे. १९६८ साली अमेरिकेत बोस्टनच्या विमानतळावरील दवाखाना आणि मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल दूरचित्रवाणीने जोडले गेले. भारतात २००० साली आंध्र प्रदेशातील अरगोंडा गावाचे रुग्णालय चेन्नईशी जोडले. २००१ पासून इस्रोने उपग्रहाची मदत दिली. २०१९ मध्ये सरकारची ई-संजीवनी आली, आणि एप्रिल २०२० पासून ती घरबसल्या रुग्णांनाही मिळू लागली. सेवा दारापर्यंत आली. पण यंत्र कोणाच्या सोयीने घडवायचे, हा प्रश्न उरतोच.

पहिली गोष्ट आवाजाची. इस्रोच्या दळणवळण उपग्रहाची उंची सुमारे ३६,००० किलोमीटर. शब्द वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो, उत्तर यायला आणखी पाव. तेवढ्या शांततेत भिडस्त बाई, डॉक्टरांना पटले नाही असे समजून गप्प बसते. म्हणून लाइन मंदावली तर चित्र थांबले तरी चालेल, शब्द तुटता कामा नये. आणि बोलायला कानाला लावायचा फोन द्यावा. भोंग्यातून दुखणे साऱ्या खोलीला ऐकू गेले, तर ती खरे सांगणार नाही.

दुसरी गोष्ट रंगाची. चित्र लहान करून पाठवताना यंत्र रंगाचा तपशील आधी गाळते, कारण डोळ्याला उजेडातला फरक जास्त कळतो. पण कावीळ ओळखायची डोळ्यांच्या पिवळेपणावरून, आणि रक्त कमी असल्याचे कळते जिभेच्या फिकटपणावरून! अशा वेळी हलत्या चित्रापेक्षा चांगल्या उजेडात काढलेला एक स्पष्ट फोटो उपयोगी पडतो. बोटाला लावून ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्राचा धडाही लक्षात ठेवावा. २०२० साली अमेरिकेतील एका अभ्यासात दिसले की, कृष्णवर्णीय रुग्णांचा ऑक्सिजन घटल्याचे त्या यंत्राच्या नजरेतून गोऱ्या रुग्णांच्या सुमारे तिप्पट वेळा सुटले. आपल्या कातडीवर न तपासलेले यंत्र आपल्याविषयी खोटे बोलू शकते.

तिसरी गोष्ट माणसाची. पोट दाबून पाहणे कॅमेऱ्याला जमत नाही. बोस्टनच्या दवाखान्यातही रुग्णाजवळ परिचारिका होतीच. आपल्या उपकेंद्रातही समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाशेजारी असतो. त्याला वगळून केवळ पडदा बसवला, तर ती काटकसर रुग्णाच्या जिवावर बेतेल.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कोणी अभियंता होईल, कोणी परिचारिका, कोणी माझ्यासारखा कला शाखेत जाईल. यंत्र घडवणाऱ्यांत तुम्ही असाल, तर आधी उपकेंद्राच्या बाकावर आठवडाभर बसा. रुग्ण काय बोलतो, कुठे अडतो, कोणासमोर लाजतो, ते वहीत लिहा. आराखड्याची सुरुवात त्या वहीतून होऊ द्या. आणि यंत्र वापरणारे असाल, तर न समजलेले पुन्हा विचारण्याचा हक्क सोडू नका.