काजळी मोजू या, ती चुलवाणापर्यंत नेऊ या



स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्वांचं इस्लामपुरात मनःपूर्वक स्वागत करतो. क्रांतिसिंह नाना पाटलांचा हा वाळवा तालुका. शेजारच्या साखराळ्यात, राजारामनगरला, 1983 पासून अभियंते घडवणारं राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे.

परिषदेचा विषय वायूच्या ज्योतीतली काजळी मोजण्याचा आणि तो इस्लामपुरात कसा, असं कुणाला वाटेल. आमच्याकडे उसाबरोबर गुऱ्हाळंही आली. गुऱ्हाळाच्या चुलवाणात उसाचं चिपाड तापलं की त्यातून वायू सुटतात आणि जाळ होतो तो मुख्यतः त्यांचाच. हवा अपुरी पडली की या वायूंचे रेणू तुटतात, त्यांची कडी जुळतात आणि कार्बनचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. धुराड्यातून काळा लोट निघतो. जळण वाया जातं आणि जाळ घालणाऱ्याच्या छातीत तो धूर भरतो.

मात्र ज्योत पिवळी दिसते, उजेड देते तीही याच तापलेल्या कणांमुळे. मायकेल फॅरडेंनी 1860-61च्या नाताळ व्याख्यानांत मेणबत्ती समोर ठेवून हे मुलांना समजावलं. दिव्याला काजळी हवी, चुलीला नको! पण दिव्यालाही ती लागतेच असं नाही. आपल्या शेजारच्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी आणि सहकाऱ्यांनी ‘नूरी’ कंदील केला. त्यात रॉकेलची वाफ जळते, मँटलची जाळी तापून उजळते. उजेडासाठी काजळीची गरजच उरत नाही.

ज्योतीतली काजळी मोजणं मात्र अवघड. ज्योतीत नळी घातली की ज्योतच बदलते. म्हणून आपण संशोधक ज्योतीतून लेसर आरपार सोडता आणि किती प्रकाश अडला ते पाहता. किंवा लेसरनेच कण तापवून त्यांची चमक मोजता. क्षणभर थंड जाळी आत धरून कण टिपण्याची रीत तर निरांजनावर वाटी धरून काजळ पाडणाऱ्या आमच्या आज्यांना ओळखीची वाटेल.

यजमान म्हणून एकच मागणं आहे. इथले आकडे शोधनिबंधापुरते राहू नयेत. हवा कुठून आणि किती सोडावी, चिपाड किती वाळलेलं असावं, हे जाळ घालणाऱ्याला सांगता येईल असं एखादं उत्तर या चर्चांतून निघावं. गुऱ्हाळ दाखवायला आम्ही आनंदाने सोबत येऊ.

पाहुणचारात काही उणं राहिलं तर हक्काने सांगा.