काठीचा घोडा
(अंगणवाडीत पालकांपुढे केलेले भाषण)

आज मी तुमच्याशी घोड्याविषयी बोलणार आहे. हा घोडा चारा खात नाही, लाथ मारीत नाही आणि त्याच्यासाठी बाजारही करावा लागत नाही. हा आहे काठीचा घोडा. तुमच्यापैकी कोण असा आहे, की ज्याने लहानपणी काठी दोन्ही पायांत घेऊन अंगण पालथे घातले नाही?

आता कोणी म्हणेल, "गुरुजी, पोराला काठी दिली की घोडा झालाच. तो बनवायचा कशाला?" प्रश्न बरोबर आहे. काठीवर बसून पळणे हा खेळ झाला. पण तीच काठी घेऊन, तिला तोंड, कान, आयाळ लावून घोडा करणे हे काम झाले. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला असे काम फार आवडते, आणि त्याला त्याची गरजही असते.

गरज कशी, ते सांगतो. मी पुष्कळ वर्षे पहिलीचा वर्ग पाहिला. काही मुले पेन्सिल मुठीत धरतात. जोर लावतात, टोक मोडते. मग घरचे म्हणतात, पोरगं ढ आहे. अहो, पोरगं ढ नसतं! त्याच्या बोटांना अजून वळण लागलेले नसते. तुम्ही स्वतःचेच आठवा. नांगर धरणारे, जात्याचा खुंटा फिरवणारे तुमचे हात. पण साक्षरता वर्गात पहिल्या दिवशी पेन्सिल धरली, तेव्हा तुमचीही बोटे आखडली होती ना? मग चार वर्षांच्या पोराकडून 'क' गिरवून घेण्याची एवढी घाई कशाला? त्याला चिंध्या फाडू द्या, सुतळी उकलू द्या, कापड कोंबू द्या. ह्या कामात जी बोटे चालतात, तीच पुढे पेन्सिल धरतात.

हे माझ्या पदरचे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ही नावे तुम्ही ऐकली असतील. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डी येथे खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केले. पुढे १९५७ साली ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली मुले आदिवासी. घरी गरिबी. शहरातल्या बालमंदिरातली महागडी साधने तिथे कोठून आणणार? या बायांनी शिंपले, बिया, पाने, काड्या, दगड हीच साधने केली. मुले शाळेत आली नाहीत, तर त्यांच्या अंगणात जाऊन शाळा भरवली. 'अंगणवाडी' हा शब्द आपल्याकडे तिथूनच आला. सरकारची अंगणवाडी योजना त्यानंतर, २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. २०२० सालच्या शिक्षण धोरणातही लहान मुलांना खेळातून शिकवावे असेच म्हटले आहे. एवढे झाले तरी आपण अंगणवाडीच्या ताईला विचारतो, "पोराला अजून लिहायला का येत नाही?"

असो. घोड्याकडे वळू.

आधी काठी. ती मुलाच्या छातीएवढी उंच असावी. फार लांब काठी मागे फरफटते आणि दुसऱ्याच्या पायात येते. निर्गुडीची काठी सरळ आणि हलकी असते. बांबूही चालेल, पण त्याची कड सुरीसारखी कापते, कुसळही चटकन शिरते. म्हणून बांबू काचकागदाने चांगला घासावा आणि दोन्ही टोकांना कापड गुंडाळून घट्ट बांधावे. तुराटी घेऊ नका, ती काडकन मोडते. आणि एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. कण्हेर, रुई आणि कुंपणाचा शेर यांची काठी कधीही घेऊ नये. कण्हेर विषारी आहे. रुईचा आणि शेराचा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्यांना इजा होते. लहान पोर काठी तोंडात घालणारच. त्याला किती वेळा नको म्हणणार?

काठी तोडणे, तासणे, सुई चालवणे ही कामे मोठ्या माणसाची. काठीच्या वरच्या टोकापासून चार बोटे खाली सभोवार खाच पाडा. तिचा उपयोग पुढे सांगतो.

डोक्यासाठी जुना पायमोजा घ्या. एकच उरलेला, जोडीदार हरवलेला मोजा प्रत्येक घरात असतो. मोजा नसेल तर जुन्या धोतराची किंवा लुगड्याची पिशवी शिवा. धान्याच्या पोत्याचा धुतलेला तुकडाही चालतो. पण खताच्या किंवा फवारणीच्या औषधाच्या पिशवीला हात लावू नका, मग ती कितीही धुतलेली असो.

आता मुलांना बोलवा. त्यांच्यापुढे चिंध्यांचा ढीग टाका. मुलांनी चिंध्या फाडायच्या आणि मोज्यात कोंबायच्या. टाचेपर्यंत भरले की घोड्याचे तोंड दिसू लागते. मग मोज्यात काठी घाला, भोवती आणखी चिंध्या ठासा आणि मोज्याचे तोंड खाचेवर सुतळीने आवळून बांधा. खाच असली म्हणजे डोके निसटत नाही. खाच नसेल तर दुसऱ्या दिवशीच घोड्याचे मुंडके चुलीपाशी आणि काठी गोठ्यात सापडते!

त्या दिवशी एवढेच पुरे. लहान मुलाचे मन एका कामात पाऊण तास रमत नाही. दुसऱ्या दिवशी आयाळ करा. सुतळीचे तुकडे मुलांनी उकलावेत, आईने ते मानेवर टाकून घ्यावेत. कानांना कापडाची दोन त्रिकोणी पाने. डोळ्यांना मात्र बटणे लावू नका. बटण तुटते, आणि तुटले की पोराच्या तोंडात जाते, घशात अडकते. डोळे कोळशाने काढावेत, नाहीतर काळे कापड शिवावे. लगाम वीतभरच असावा आणि त्याचा फास होणार नाही असा बांधावा. लांब दोरी गळ्यात अडकते.

डोळे कुठे काढायचे, हे मुलाला ठरवू द्या. इथेच आपण मोठी माणसे बिघडवतो. पोराने एक डोळा कानापाशी काढला की आपण लगेच पुसून नीट काढून देतो. घोडा देखणा होतो, पण मग तो बापाचा घोडा होतो. एका मुलीने चिंध्या एकाच बाजूला कोंबल्या होत्या. घोड्याची मान वळून राहिली. शेजारच्या पोराने चिडवले, तर ती म्हणते कशी, "माझा घोडा मागं बघतोय. मागनं वाघ येतोय ना!" मंडळी, ह्याच्यावर मास्तराने काय बोलायचे?

आणि मुलींनाही घोडा द्या बरं का. भावाला घोडा आणि बहिणीला भातुकली, अशी वाटणी या वयात नको. तिचे पायही पळण्यासाठीच आहेत.

घोडे झाले की खेळ. तुमच्यातले बरेच जण वारीला जातात. रिंगण पाहिलेच असेल. वारकरी गोल उभे राहतात आणि मधून माउलींचा अश्व धावतो. तसेच मुलांना गोल उभे करा. दोघांनी पळायचे, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. सगळे एकदम सोडू नका, काठ्या एकमेकांना लागतात. पळताना काठी खाली, जमिनीकडे. काठी वर उचलली की घोडा तबेल्यात, हा एकच नियम ठेवा. मुले तो फार कडक पाळतात, आणि आपण चुकलो तर आपल्यालाही पाळायला लावतात.

आता तुमचे काम. प्रत्येक मूल आपल्या घोड्याचे नाव ठेवते. ते नाव कापडाच्या पट्टीवर कोळशाने किंवा शाईने तुम्ही लिहायचे, आणि मुलासमोर लिहायचे. अक्षर वाकडे आले तरी चालेल. आपली आई, आपला बाप 'पवन' नाहीतर 'चांदणी' लिहितो आहे, हे पोराने एकदा पाहू द्या. ती पट्टी मानेवर टाका. पोर रोज ती पाहील आणि एक दिवस बोट ठेवून वाचून दाखवील.

येत्या शनिवारी इथेच बसू. प्रत्येकाने एक काठी, एक मोजा आणि चिंध्यांचे गाठोडे आणावे. सुया आणि सुतळी मी आणतो. काठ्या तोडताना कुंपणाच्या शेराजवळ जाऊ नका, एवढे घरी गेल्यावर थोरल्या पोरांनाही सांगा.