हजर असून गैरहजर
(दहावी १९८९च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मी भाषण करणार हे कळल्यापासून मागच्या रांगेत हसणं चाललंय. हसा, तुमचं बरोबर आहे. सहा वर्षांत मी या स्टेजवर एकदाही चढलो नाही. प्रभातफेरीत घोषणा देतानासुद्धा नुसते ओठ हलवायचो. मराठीच्या बाईंना ते ठाऊक होतं. प्रकट वाचनाच्या वेळी त्या मला टेबलाजवळ बोलवायच्या आणि हळू आवाजात वाचून घ्यायच्या. बाई, त्याचे उपकार आहेतच. पण आज एक बोलतो, रागावू नका. त्या मायेमुळे मला वाटायला लागलं होतं की न बोलताही माणसाचं भागतं. गावात भागतही होतं. किराणा दुकानात गेलो की दुकानदारच विचारायचा, "आईनं काय सांगितलंय?"

बारावीनंतर, १९९१च्या जूनमध्ये, मी पुण्याला एफ.वाय.बी.एस्सी.ला गेलो. विद्यापीठात शिकतो असं वडील गावात सांगायचे. खरं तर विद्यापीठ मी वर्षभर पीएमटीच्या खिडकीतूनच पाहिलं. मी होतो कॉलेजात, सव्वाशे मुलांच्या वर्गात, शेवटून दुसऱ्या बाकावर. अकरावी-बारावीची पुस्तकं इंग्रजीत होती, पण आमच्याकडे शिकवणं मराठीतूनच चालायचं. इथे सगळंच इंग्रजीत. त्वरण, संवेग हे आपले शब्द तिथे कुणाला सांगणार? प्रॅक्टिकलला जोडीदार मिळाला तो कॅम्पातला. तो बोलायचा, मी ब्युरेट धरायचो. आमची जोडी तशी छान जमली.

हजेरी नंबरावर व्हायची. माझा नंबर सत्त्याऐंशी. "एटी सेव्हन" आलं की मी "येस सर" म्हणायचो. म्हणायचो म्हणजे माझ्या शेजाऱ्याला ऐकू जाईल इतकं. ते सरांपर्यंत पोचलं की नाही, हे उठून विचारायची हिंमत नव्हती. पोचलं असेल, असं धरून चालत होतो.

रूमवर आम्ही तिघं. बाकीचे दोघं संध्याकाळी फिरायला निघाले की "येतोस का?" विचारायचे. मी अभ्यासाचं कारण सांगायचो. दोन महिन्यांनी त्यांनी विचारणं सोडलं. त्यांची काही चूक नव्हती. रविवारी सकाळी एक रुपयाचं नाणं घेऊन टेलिफोन बूथपर्यंत जायचो आणि रांग बघून परत यायचो. गावात फोन होता तो पोस्टात, तेव्हा रविवारी लावणार तरी कुणाला? पण रांगेत उभं राहावं लागलं नाही, याचंच बरं वाटायचं.

श्रावणात मेस परवडेना. कांद्याला भाव नव्हता. मग आई सकाळच्या एसटीनं डबा पाठवायला लागली. जुन्नर तालुक्यातले, मंचर-राजगुरुनगरकडचे कितीतरी डबे तेव्हा असे शिवाजीनगर स्टँडवर उतरायचे. आपल्यापैकी चारपाच जणांनी तरी ते खाल्लेत. गाडी लागली की आम्ही पोरं दाराशी गोळा व्हायचो. कंडक्टर डबा वर धरून विचारायचा, "ए, हा कुणाचा रं?" पहिल्या दिवशी मी "माझा" म्हणालो ते कुणालाच ऐकू गेलं नाही. डबा पुन्हा आत गेला, गाडी डेपोत गेली आणि मी उपाशी राहिलो. संध्याकाळी त्याच गाडीबरोबर भरलेला डबा घरी परत गेला. आईनं काय समजायचं?

दुसऱ्या दिवशी मी ओरडलो. इतका मोठ्यानं, की स्टँडवरचे हमाल वळून बघायला लागले. त्यानंतर रोज ओरडलो. तिथे कुणी माझ्याकडे बघत नव्हतं, सगळे आपापला डबा बघत होते, म्हणून जमलं असावं. कॉलेजात मात्र आवाज पुन्हा बसायचा.

दिवाळीच्या सुट्टीआधी डिफॉल्टरची यादी लागली. त्यात सत्त्याऐंशी होता. पंचाहत्तर टक्के हजेरी नाही, टर्म ग्रँट होणार नाही, पालकांना घेऊन या. मी एकही तास चुकवलेला नव्हता. तीन दिवस स्टाफरूमच्या दारापर्यंत गेलो आणि पाणी पिऊन परत आलो. तिसऱ्या रात्री ट्रंक भरली. वडिलांना काढणी टाकून पुण्याला बोलावण्यापेक्षा आपणच घरी जावं, शेती करावी, असं ठरवलं. त्या रात्री ते अगदी शहाणपणाचं वाटत होतं.

सकाळी डबा घ्यायला स्टँडवर गेलो. रिकामा डबा घरी न्यावा म्हणून. तिथे मंचरचा एक मुलगा रोज भेटायचा, तोही आमच्याच वर्गात होता, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. त्याला यादीचं सांगितलं. तो म्हणाला, "तू? अरे, तुझ्या आवाजानं इथली कबुतरं उडतात." आणि सरळ मला कॉलेजात घेऊन गेला. स्टाफरूमच्या आत मात्र आला नाही. बाहेर माझा डबा धरून उभा राहिला.

सरांना एवढंच सांगितलं, "सर, मी रोज होतो." पुढे शब्द फुटेना, म्हणून वही पुढे केली. जूनपासून प्रत्येक तासाची टिपणं होती आणि प्रत्येक पानाच्या समासात तारीख. ही सवय या शाळेची. तारीख नसली की आपले गणिताचे सर वही खिडकीतून बाहेर टाकायचे, आठवतंय? कॉलेजच्या सरांनी पंधरा-वीस पानं उलटली, मस्टर काढलं, ताडून पाहिलं. "बसतोस कुठे?" मी सांगितलं. "उद्यापासून पुढे बस. मलाही जरा कमी ऐकू येतं." त्यांनी टर्म दिली.

पहिल्या बाकावर बसणं ही शिक्षाच होती. पहिला आठवडा मानेवर सव्वाशे डोळे टोचत होते. लाजरेपणा गेला म्हणाल तर आजही गेलेला नाही. हा कागद बघा, घामानं ओला झालाय. पण मंचरचा तो मित्र, मी आणि राजगुरुनगरचे दोघं असे चौघं पुढची तीन वर्षं एकत्र जेवलो, एका डब्यात दुसऱ्याची भाजी घालून.

शाळेतली बारावीची मुलं आज वाढायला आली आहेत. त्यांच्यातली काही येत्या जूनमध्ये पुण्याला जातील. माझा नंबर मुख्याध्यापकांकडे ठेवलाय. फोन करायला जड वाटत असेल तर नुसता मेसेज करा. त्यात फक्त वाडीचं नाव लिहा. पुढचं मी विचारतो.