घेऊन दाखवा, मावशी



मन्मथस्वामींच्या समाधीला कार्तिकी पौर्णिमेला इथे कपिलधारेत दिंड्या येतात. त्याच सुमारास आपल्या जिल्ह्यातल्या टोळ्या कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला लागलेल्या असतात. त्या टोळ्यांतल्या दमेकऱ्यांविषयी मला आज बोलायचं आहे. जन्मात विडीला हात न लावलेली बाईसुद्धा त्यांत असते. चुलीच्या धुराने तिचं फुप्फुस कधीच थकलेलं असतं, त्यात फडातली धूळ आणि पाचटाचा धूर.

ती ओपीडीत म्हणते, "सिस्टर, पंपानं काय फरक न्हाय."

डोस वाढवण्याआधी तिला म्हणा, "घेऊन दाखवा, मावशी."

ती पंप न हलवताच तोंडात धरते, दाबते आणि मग श्वास ओढते. ओठांतून पांढरी वाफ बाहेर येते. ती वाफ म्हणजे तिचं औषध! उरलेलं जिभेवर बसतं. शेजारचे आजोबा रोटाकॅपची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळतात, कारण ती रोटाहेलरमधून ओढायची असते हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. पंपाचा श्वास सावकाश, खोल ओढायचा आणि मग दहा अंक मोजेपर्यंत रोखून धरायचा. रोटाहेलरचा मात्र जोरात ओढायचा. दोन्ही एकाच पिशवीत दिले की घोटाळा ठरलेलाच. चिठ्ठीवर हे मावत नाही, ते आपल्या परिचारिकांनाच शिकवावं लागतं.

पंपाला जोडायचा स्पेसर मिळाला नाही तर अडून बसू नका. केप टाऊनमधल्या डॉक्टरांनी 1999 साली दम्याचा झटका आलेल्या मुलांवर अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीचा स्पेसर वापरून पाहिला. पंपाचं तोंड घट्ट बसवलेली ती बाटली विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी पडली. आपल्या एसटी स्टँडवर अशा बाटल्यांना काय तोटा?

निळ्या पंपातलं सालब्युटामॉल काही मिनिटांत श्वासनळीचे आवळलेले स्नायू सैल करतं, पण चार-सहा तासांपुरतंच. आतली सूज त्याने उतरत नाही. म्हणून 2019 पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शनात मोठ्या माणसांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नका, सोबत श्वासावाटे घ्यायचं स्टिरॉइड हवं, असं सांगितलं आहे. ते घेतल्यावर चूळ भरायला लावा. निळ्या पंपाने हात थरथरले, छाती धडधडली, की बाई घाबरून पंप माळ्यावर टाकते; असं होऊ शकतं हे तिला आधीच सांगून ठेवा.

आता सुईबद्दल. डेरिफायलिनवर आपल्या लोकांचा जीव आहे, आणि खरं सांगायचं तर आपल्यातल्या काहींचाही. पण त्यातल्या थिओफिलिनची गुण देणारी मात्रा आणि घातक मात्रा यांत फार अंतर नाही. शिरेतून घाईने दिलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. बाहेर कितीही रांग असो, ते सावकाशच गेलं पाहिजे. सीओपीडीच्या रुग्णाला नेब्युलायझर ऑक्सिजनवर लावलात, तर औषध संपल्यावर नळी तशीच सोडून चहाला जाऊ नका. त्याच्या रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण 88 ते 92 टक्क्यांत ठेवायचं असतं.

कोजागिरीला दुधातून दम्याचं औषध घ्यायला लोक रात्र जागवतात. मी त्यांना हसत नाही. पंप मात्र बंद करू नका, एवढं सांगते.

राहिला हिशेब. एका पंपात 200 डोस असतात. दोन-दोन दाब चार वेळा घेतले तर पंप 25 दिवसांत संपतो, आणि हंगाम तर पाच-सहा महिन्यांचा. औषध संपल्यावरही आतला वायू फुसफुसतो, त्यामुळे बाई रिकामा पंप ओढत राहते. पंपावर सुरू केल्याची तारीख पेनाने लिहा. रोज इतके दाब लागत असतील, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

म्हणून या मेळाव्याने ठराव करावा: दसऱ्याआधी प्रत्येक उपकेंद्रात दमेकऱ्यांचे पंप तपासावेत, हंगामभर पुरेल इतकं औषध सोबत द्यावं, आणि फडाजवळच्या दवाखान्यात दाखवायला औषधांची नावं लिहिलेली चिठ्ठी द्यावी. उचल वाटताना मुकादमाकडे टोळीची यादी तयारच असते. आशाताईंनी ती तेव्हाच मागून घ्यावी.